दिलं म्हणजे दिलं

सिस्टरबाईंना मातीत ठेवलं त्या दिवशी छावणीजवळच्या ख्रिस्ती कब्रस्तानात आम्ही अगदी मोजकी माणसं होतो. पादरीसाहेब नवे होते, त्यांना फारशी कुणाची ओळख नव्हती. प्रार्थना आटोपली, त्यांनी पुस्तक मिटलं आणि इकडेतिकडे बघत म्हणाले, "घर का कोई हो तो पहली मिट्टी दे दे।"

कुणीच पुढे झालं नाही. वर जेठ महिन्याचं ऊन, आणि खाली सगळे आपापल्या चपलांकडे बघत उभे. माझ्या शेजारी रामकली होती, शिशुगृहातली जुनी आया, मऊरानीपुरची. तिनं मला कोपरानं ढोसलं. बुंदेलीत मुलीला बिन्नू म्हणतात.

"बिन्नू, तुमईं दे दो।"

"मैं कौन होती हूँ? मैं तो किरायेदार थी।"

"सो किरायेदारई तो बचे हैं," रामकली म्हणाली.

मी वाकले आणि मूठभर माती टाकली.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांना स्वतःलाच ते आवडत नसे, का ते सांगेन. सगळी झाशी त्यांना सिस्टरजी म्हणायची. लोकांना वाटायचं त्या जोगीण आहेत, मठातल्या. तसं काही नव्हतं. त्या नर्स होत्या, नगर जिल्ह्यातल्या, मिशनच्या दवाखान्यात नोकरीला म्हणून तरुणपणी इकडे आल्या आणि परत गेल्याच नाहीत. दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर चर्चच्या मंडळीनं त्यांच्याकडे शिशुगृह सोपवलं. टाकून दिलेली, सापडलेली, कुणाचीच नसलेली तान्ही मुलं तिथे यायची आणि कुणीतरी दत्तक घेईपर्यंत राहायची. एका आवारात ते लांबट, बुटकं शिशुगृह, त्याच्या बाजूला सिस्टरबाईंचा बंगला, आणि बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत मी.

मी गुरसरायची. आमचे कोणी पूर्वज पेशवाईत इकडे आले आणि इकडचेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर बुंदेली. झाशीला बँकेत नोकरी लागली तेव्हा खोली शोधत मी त्या फाटकाशी आले. सिस्टरबाईंनी हिंदीत दोनचार प्रश्न विचारले, मग आडनाव विचारलं. आडनाव ऐकल्यावर त्या वेताच्या खुर्चीत बसल्याच.

"मराठी?"

"हो."

"बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. आज काय जेवलीस ते सांग."

मी सांगितलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. आमच्या घरात स्वयंपाकघराला अजून मुदपाकखाना म्हणतात. तो शब्द आला तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि हसत सुटल्या. "अगं पोरी, तुझी मराठी म्हणजे पेटीत ठेवलेला शालू. डांबराच्या गोळ्यांचा वास येतोय. माझी बघ, बाजरीची आहे." मग थोड्या गंभीर होऊन म्हणाल्या, "या गावात माझ्याशी मराठीत फक्त देव बोलतो. तोही हल्ली कमी."

खोली मला त्याच दिवशी मिळाली.

उंच, वाळकी बाई. पांढरं सुती लुगडं, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट, आणि छातीवर उलटं टाचलेलं नर्सचं घड्याळ. बारा महिने हातात छत्री. चालताना छत्री टेकत नसत, भाल्यासारखी पुढे धरत. पण त्यांना झाशीत सगळे ओळखत ते त्यांच्या शिशुगृहातल्या गोंधळामुळे.

इतर ठिकाणी तान्ही मुलं झोपली की बायका चवड्यांवर चालतात. इथे उलट. दुपारी मुलं झोपली की सिस्टरबाई मिक्सर लावायच्या, रेडिओ मोठा करायच्या, कधी मुद्दाम परात आपटायच्या. पहिल्या रविवारी मी घाबरून धावत गेले होते.

"कुठल्या घरात जातील काय सांगावं?" त्या म्हणाल्या. "रेल्वे लाइनीला लागून घर असलं तर? शेजारी पिठाची गिरणी असली तर? आत्तापासून सवय हवी."

त्यांचं सगळं शिक्षण असंच होतं. मुलांनी मिश्यांना घाबरू नये म्हणून दूधवाला, पोस्टमन, गॅसचा माणूस, मिश्या असलेला कुणीही आवारात आला की त्याच्या हातात एक बाळ दिलं जाई. एक दिवस मोहरीच्या तेलाची फोडणी, एक दिवस खोबरेल. छावणीतल्या एका जवानाची बायको तमिळ होती. तिला आठवड्यातून एकदा चहाला बोलवायचं आणि पाळण्यांपुढे बसून तमिळमध्ये बोलायला लावायचं. ती बिचारी लाजून लाजून बोले. आणि संध्याकाळी बँकेतून आले की माझी पाळी. मी पाळण्यांमधून फिरत मराठीत बोलायची. "कुणी सांगावं, एखादं पुण्याला गेलं तर?" मी त्यांना बँकेतल्या कटकटी सांगायची. मुलं फार छान ऐकायची.

सिस्टरबाई मुलांना नाव ठेवत नसत. ज्या दिवशी मूल येई त्या दिवशी स्वयंपाकघरात जी भाजी असेल तीच त्याची हाक. दोडका, मेथी, मुळा, भेंडी. कागदावर बालकल्याण समितीचे लोक काही तरी नाव घालत, पण ते कागदावरच. रामकलीला त्या मराठी भाज्या म्हणता येत नसत, ती तिच्या पद्धतीनं मोडून म्हणे. मी एकदा म्हटलं, चांगलं नाव ठेवायला काय हरकत आहे? तर फटकन म्हणाल्या, "नाव आईबापानं ठेवायचं. ते येताहेत. वाटेत आहेत."

त्यांचं असं सगळं 'वाटेत' असे. प्रत्येक मुलाचे आईबाप कुठे तरी निघालेले आहेत, गाडीला उशीर झाला आहे, एवढंच.

आमच्या मराठी मंडळाच्या बायका गणपतीत एकदा मोदक घेऊन आल्या. पाळण्यांसमोर फोटो काढले आणि निघताना एकजण म्हणाली, "सिस्टर, फार पुण्याचं काम करता हो तुम्ही."

"पुण्य ठेवा तुमच्याकडे," सिस्टरबाई म्हणाल्या. "एक पोर घेऊन जा."

सगळ्या हसल्या. सिस्टरबाई हसल्या नाहीत. "तुमच्या या गावात दत्तक पोराच्या हक्कासाठी तलवारी उपसल्या होत्या म्हणे. आणि तुम्ही मोदक आणता?"

मी मान खाली घालून मोदकांचा डबा आत ठेवायला गेले. पुढच्या वर्षी मंडळ आलं नाही.

त्यांच्या मंडळीतही सगळ्यांना त्या रुचत होत्या असं नाही. तेव्हाचे पादरीसाहेब वयस्क आणि सज्जन होते. ते एकदा व्हरांड्यात बसून हळूच म्हणाले, की मुलं आपल्याच लोकांच्या घरी गेली तर बरं, ही तर सगळी हिंदूंच्या घरी चालली आहेत. मग आपल्या सेवेचं फळ काय? सिस्टरबाईंनी त्यांना आधी चहा दिला. मग हिंदीत शांतपणे म्हणाल्या, "पादरी साहब, परमेश्वर का सगा बेटा तो एक ही है। बाकी आप और मैं, सब गोद लिए हुए हैं। उसने लेते समय हमारी जात पूछी थी?" आणि मग माझ्याकडे वळून मराठीत, त्यांना कळू नये म्हणून, "मला पाळणा दिलाय देवानं. निवडायचं काम नाही दिलं."

पादरीसाहेब चहा संपवून गेले. नाताळात त्यांनी सगळ्या पाळण्यांसाठी नव्या दुलया पाठवल्या. सिस्टरबाईंना ते आवडलं, पण बोलून दाखवलं नाही.

मूल न्यायला जोडपं आलं, सरकारी सोपस्कार सगळे झाले, तरी सिस्टरबाईंची परीक्षा उरायची. तोंडी परीक्षा. व्हरांड्यात दोन खुर्च्या. आधी त्या मुलाच्या सवयी एकेक करून सांगायच्या, मग नवरा-बायकोनं त्या पुन्हा म्हणून दाखवायच्या. ग्वाल्हेरच्या एका इंजिनिअरला मी घाम पुसताना पाहिलं आहे.

"दूध पीते वक्त कौन सा पैर हिलाता है?"

"जी... बायाँ।"

"दायाँ। कल आइए।"

आणि खरंच दुसऱ्या दिवशी यावं लागलं. बायको रडकुंडीला आली होती. नवरा मात्र रात्रभर पाठ करून आल्यासारखा धडाधडा सगळं म्हणाला. सिस्टरबाईंनी मूल त्याच्या हातात दिलं, त्याच्या कोपराखाली आपला हात क्षणभर धरला, आणि पाठ फिरवून आत गेल्या. गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत थांबायची त्यांची पद्धत नव्हती. पुढे कधी चौकशीही करायच्या नाहीत. कुणी फोटो पाठवले तर रामकलीला द्यायच्या. "तू बघ. मला नको. दिलं म्हणजे दिलं."

पण त्या दिवशी संध्याकाळी त्या माझ्या खोलीवर यायच्या. न विचारता माझ्या पलंगावर बसायच्या आणि मराठीत बोलत सुटायच्या. नगरकडची बाजरीची भाकरी, वसतिगृहातला हौद, चिंचेखाली भरणारी रविवारची शाळा, कुठली तरी खोडकर मैत्रीण. गेलेल्या मुलाविषयी चकार शब्द नाही. बोलता बोलता हात मात्र मांडीवर हलत असायचा, थोपटल्यासारखा. मी स्वयंपाक करत हुंकार देत राहायची. अंधार पडला की त्या उठायच्या, "चल, बाकीच्यांना बघते," म्हणून शिशुगृहात जायच्या. दिवसभर तिकडे फिरकलेल्या नसायच्या.

चवळी माझ्या आधीपासून तिथे होती. मी आले तेव्हा ती चालायला लागली होती. नावाप्रमाणे चवळीच्या शेंगेसारखीच, बारीक, लांबडी, आणि फार देखणी. जोडपी यायची ती तिच्याकडेच वळायची. सिस्टरबाई पहिल्याच मिनिटाला सांगून टाकायच्या, "यह सुनती नहीं है। जन्म से। अब चाय लीजिए।" लोक चहा घ्यायचे. कपबशी ठेवताना नजर दुसरीकडे असायची. सिस्टरबाईंनी त्यांना कधी दोष दिला नाही. "त्यांची वाट ही नाही," एवढंच म्हणायच्या.

दिवसभर चवळी सिस्टरबाईंच्या पदराला धरून हिंडायची. दोघींच्या काही खुणा होत्या. गालावर बोट म्हणजे भूक, मूठ म्हणजे पाणी, छातीवर पंजा म्हणजे सिस्टरबाई. संध्याकाळी प्रार्थना म्हणताना सिस्टरबाई तिला मांडीवर घ्यायच्या आणि तिचा तळवा आपल्या गळ्यावर ठेवायच्या. मराठीतली प्रार्थना, हळू आवाजात. चवळी तोंड उघडं ठेवून, टक लावून त्यांच्याकडे बघत राहायची. गळ्यातली थरथर थांबली की तीच दोन बोटांनी गळा ठोकून 'अजून' म्हणायची.

ती मोठी होत चालली तशी बोलणी सुरू झाली. तान्ह्यांच्या शिशुगृहात मोठी मुलगी ठेवता येत नाही. तिला लखनौच्या बालगृहात पाठवायला हवं. शाळेसाठी धड नाव हवं. मी एकदा न राहवून म्हणाले, "सिस्टरबाई, तुम्हीच का नाही घेतलीत तिला?"

"माझं वय कायद्यात बसत नाही."

"आधी बसत होतं ना कधी तरी? तेव्हा दुसरं एखादं मूल?"

"तेव्हा आमच्या ख्रिस्ती लोकांना दत्तक घेताच येत नव्हतं. पालक म्हणून नेमायचे, तेही मूल सज्ञान होईपर्यंत. मग संपलं." पुढे म्हणाल्या, "आणि एक ठेवून घेतलं की दुसरं देताना हात आखडतो. माझं काम देण्याचं आहे."

"मग निदान नाव तरी ठेवा तिला. पोरगी शाळेच्या वयाची झाली. कुणी येणार नाही आता."

त्या माझ्यावर कधी रागावल्या नव्हत्या, त्या दिवशी रागावल्या. आणि रागातच ते बोलून गेल्या.

"मला कुणी नाव ठेवलं, ठाऊक आहे? मी नगरच्या वसतिगृहात आले त्याच्या थोडं आधी तिथली एक मुलगी पटकीनं वारली होती. तिच्या परकरांवर, पोलक्यांवर, पांघरुणावर तिचं नाव दोऱ्यानं भरलेलं होतं. चांगले कपडे, उसवायचे कशाला? म्हणून मलाही तेच नाव. कुणी वाईट नव्हतं तिथं, पोरी. मायाळू बायका होत्या. पण हाक आली की मला वाटायचं, तिला बोलावताहेत. अजून वाटतं." त्यांनी छत्री उचलली. "म्हणून माझ्या पोरांना मी उसनं नाव लावणार नाही. ज्याचं मूल त्यानं नाव आणावं."

त्यानंतर मी तो विषय काढला नाही. लखनौला पाठवायचं जवळजवळ ठरलं होतं.

आणि त्याच हिवाळ्यात साताऱ्याकडचं एक जोडपं चवळीला बघायला येणार असल्याचा निरोप आला. नवरा बेकरीत कामाला, बायको कपडे शिवते. मुलगी ऐकत नाही हे त्यांना माहीत होतं आणि तरी यायचं होतं. मला वाटलं, सिस्टरबाई नाचतील. त्या माझ्या दारात आल्या तेव्हा चेहरा पांढरा पडलेला होता.

"दोघंही बहिरे आहेत," त्या म्हणाल्या. "नवरा-बायको, दोघंही."

"मग?"

"मग काय मग? दारावर कुणी आलं तर? घरात आग लागली तर? हिला हाक कोण मारणार?"

"तुम्ही मारता तिला हाक?"

"मी समितीला नाही म्हणून सांगणार आहे," म्हणाल्या आणि गेल्या.

पण ती माणसं आली. सोबत बायकोची धाकटी बहीण होती, त्यांच्या खुणांचं मराठीत सांगायला. सिस्टरबाईंनी मलाही सुट्टी घेऊन बसवलं. का, ते मला कळलं नाही. कदाचित त्यांना त्यांच्या बाजूचं कुणी तरी हवं होतं.

व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या होत्या. नवरा-बायको खुर्च्यांवर बसून आपसात बोलत होती, हातांनी. नवऱ्यानं मुलीसाठी बेकरीतून काही तरी आणलं होतं आणि ते कुणी द्यायचं यावर दोघांचा वाद चालला असावा. बायको हसत होती, तो खोटं रागावत होता. तेवढ्यात सिस्टरबाई बाहेर आल्या. मागे पदर धरून चवळी.

चवळी उंबऱ्यातच थबकली. तिच्या मुठीतून पदर सुटला.

तिनं आजवर खुणा पाहिल्या होत्या त्या सिस्टरबाईंच्या. भूक, पाणी, ये, झोप. दोन मोठी माणसं हातांनी भांडतात, हसतात, एकमेकांचं तोडून मध्येच बोलतात, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. ती हळूहळू पुढे गेली आणि दोघांच्या मधोमध उभी राहिली. या हातांकडे बघ, त्या हातांकडे बघ. मग तिनं त्या माणसाचा हात धरला, उलटा केला, आणि तळव्याखाली वाकून बघितलं. हे येतं कुठून, ते शोधल्यासारखं.

तो माणूस हलला नाही. त्याचे डोळे भरून आले होते.

सिस्टरबाई खुर्चीत ताठ बसल्या. "हं. परीक्षा घेऊ या," त्या धाकट्या बहिणीला म्हणाल्या. "त्यांना सांगा..."

बायकोनं टेबलावर हलकेच थाप मारली आणि बोट स्वतःच्या चेहऱ्याकडे नेलं.

"ताई म्हणते, माझ्याकडे बघून बोला," बहीण जरा संकोचून म्हणाली. "ती तुमच्याकडे बघतेय."

सिस्टरबाईंनी खुर्ची वळवली. त्यांना असं कुणी सांगितलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मग त्यांनी सुरुवात केली, कोरड्या आवाजात. उजव्या कुशीवर झोपते. वांगं खात नाही. पावसाळ्यात कान फुटतो, तेल घालायचं नाही, डॉक्टरकडे न्यायचं. पाहुणे आले की पलंगाखाली जाते. "आणि अंधाराला घाबरते. दिवा घालवला की किंचाळते. कितीही जवळ घ्या. ही सवय मोडायची राहिली आहे. ती तुम्हाला मोडावी लागेल."

बहिणीचे हात थांबायच्या आतच ताईचे हात सुरू झाले. नवराही मध्ये काही तरी म्हणाला. बहीण सिस्टरबाईंकडे वळली.

"काय म्हणाली?"

"ती म्हणते... ती घाबरत नसेल."

"मग काय करते?"

"अंधारात हात दिसत नाहीत. बोलता येत नाही, दुसऱ्याचं कळत नाही. ताई म्हणते, वसतिगृहात आमचा दिवा घालवायचे तेव्हा मीसुद्धा ओरडायची. तोंडावर हात ठेवल्यासारखं वाटायचं. आमच्या घरी दिवा चालूच असतो."

चहाचा ट्रे घेऊन रामकली दारात उभी होती. शिशुगृहातला दिवा रोज घालवायच्या त्या सिस्टरबाईच. दवाखान्यातली शिस्त, नर्सनं स्वतः फेरी मारून दिवा घालवायचा. त्यांनी तोंड उघडलं, "म्हणजे इतकी वर्षं मी..." आणि त्या उठून आत गेल्या. आतून नळ सोडल्याचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला.

परत आल्या तेव्हा चेहरा ओला होता. खुर्चीत बसल्या, ताईकडे सरळ बघत म्हणाल्या, "मेथीची भाजी आवडीनं खाते. तेवढं सांगायचं राहिलं होतं."

ती माणसं काही दिवस झाशीत राहिली. रोज सकाळी यायची. चवळी फाटकाशी उभी असायची. तिच्या हातांना जणू पाय फुटले. रोज नवं काही तरी. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्या माणसानं तिच्या हनुवटीवरच्या तिळाजवळ दोन बोटं टेकवली आणि मग तीच खूण आपल्या बायकोला करून दाखवली. बहीण म्हणाली, "हे तिचं नाव. कागदावरचं घरी गेल्यावर ठेवू, आधी हे."

सिस्टरबाईंनी ती खूण करून पाहिली. चुकली. चवळीनं त्यांची बोटं धरली, हनुवटीच्या नेमक्या जागी नेऊन ठेवली, आणि 'आता बरोबर' म्हणून मान हलवली.

त्या संध्याकाळी सिस्टरबाई मला म्हणाल्या, "मी रोज देवाकडे तिच्यासाठी माणसं मागायची. आणि मनात म्हणायची, उशिरा पाठव. त्यानं दोन्ही ऐकलं बघ."

चवळीला स्टेशनवर पोहोचवायला मी आणि रामकली गेलो. सिस्टरबाई नेहमीप्रमाणे आतच राहिल्या. निघताना चवळीनं मागे वळून बंगल्याच्या दाराकडे बघत छातीवर पंजा ठेवला. दार लोटलेलं होतं. खिडकीत कुणी होतं का, मला सांगता येणार नाही.

मी परतले तेव्हा त्या माझ्या पलंगावर बसलेल्या होत्या. मी चहा टाकला आणि सवयीनं विचारलं, नगरला हौदापाशी पेरूचं झाड होतं म्हणाला होतात, त्याचं पुढं काय झालं?

"आज मराठी नको," त्या म्हणाल्या.

मी चहा गाळून कप त्यांच्या हातात दिला.

आठवडाभरानं त्यांनी माझा फोन मागितला. खुणांच्या भाषेचे धडे फोनवर मिळतात असं त्या बहिणीनं सांगितलं होतं. मग रोज संध्याकाळी मी बँकेतून आले की व्हरांड्यात फोन टेकवून ठेवायचा आणि सिस्टरबाई हवेत हात हलवत बसायच्या. बोटं संधिवातानं वाकडी झालेली. कितीतरी खुणा त्यांना जमत नसत. छावणीकडे जाणारे शिपाई सायकल थांबवून बघायचे. गावात बोललं जाऊ लागलं की सिस्टरजींचं डोकं फिरलं.

"आता कशाला शिकताय?" मी विचारलं. "चवळी तर गेली."

"दुसरी कुणी आली तर? हिला मी अंधारात ठेवलं. दुसरीला नाही ठेवणार."

दुसरी कुणी आली नाही. त्यानंतर जी मुलं आली ती सगळी ऐकणारी होती, आणि ती भराभर गेली. मग नियम बदलले, मुलं मोठ्या शहरातल्या संस्थेकडे जाऊ लागली, आणि शिशुगृहाला कुलूप लागलं. पाळणे दवाखान्यानं नेले. रामकली मऊरानीपुरला परत न जाता सिस्टरबाईंपाशीच राहिली. माझीही बदली झाली, ललितपुरला. निघाले त्या दिवशी सिस्टरबाई आतच होत्या. मी दारावर टकटक केली नाही. त्यांची पद्धत मला ठाऊक होती.

शेवटची भेट त्या गेल्या त्याच्या आधीच्या थंडीतली. रविवार होता, दुपारचं ऊन व्हरांड्यात आलेलं. रामकली पायरीवर तांदूळ निवडत होती. मला बघून ती उठली आणि आधीच सांगून टाकलं, "बिन्नू, जिज्जी अब सुनतीं नईंयाँ। कान चले गए।"

सिस्टरबाई खुर्चीत होत्या. खूप बारीक झाल्या होत्या. मला बघून चेहरा उजळला. "आलीस? बस," त्या म्हणाल्या, फार मोठ्यानं, आपला आवाज त्यांना कळत नव्हता. मी बसले आणि मराठीत बोलू लागले. ललितपुरचं, बँकेचं, आईच्या गुडघ्यांचं. त्या माझ्या ओठांकडे बघत होत्या. मध्येच हात वर करून त्यांनी मला थांबवलं.

"नाही पोचत गं," त्या म्हणाल्या. "तुझा शालू पेटीतच राहिला."

मी हसले. काय करावं कळेना म्हणून त्यांचा हात धरला. त्यांनी तो हलकेच सोडवून घेतला, खुर्ची माझ्याकडे वळवली, आणि दोन्ही हात उन्हात धरून काही तरी सांगायला लागल्या. एखादं वाक्य नव्हे. लांबलचक काही तरी, मध्येच हसत, मध्येच थांबून आठवत, वाकडी बोटं एकमेकांत अडकत होती ती सोडवत. मी त्यांच्या हातांकडे बघत राहिले. मला त्यातलं काही येत नव्हतं. इतक्या संध्याकाळी त्या शिकत असताना मी त्याच आवारात होते आणि मी एकही खूण शिकले नव्हते.

"का कह रईं?" रामकलीनं पायरीवरून विचारलं.

"पता नहीं," मी म्हणाले.

त्या थांबल्या आणि माझ्याकडे बघू लागल्या, उत्तरासाठी. मी मान हलवली. मला कळलेलं नाही हे त्यांना कळलं. त्यांनी हात मांडीवर घेतले, बोटं चोळली, उन्हात पुन्हा वर धरली आणि पहिल्यापासून, सावकाश, सांगायला सुरुवात केली.